चारशे मीटर आणि दोन तास

शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही दोन धरणे आहेत आणि मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा तिथून निघतो. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी अशाच एका पाड्यावर काम केले. संख्यात्मक, गुणात्मक आणि अवकाशीय, म्हणजे नकाशांवर आधारलेली, अशा तिन्ही पद्धती मी एकत्र वापरणार आहे, असे प्रस्तावात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. प्रत्यक्षात माझ्या मनात तीन वेगळी प्रकरणे होती: एकात कोष्टके, एकात मुलाखती आणि एकात रंगीत नकाशे.

सुरुवात प्रश्नावलीने झाली. २०११ च्या जनगणनेत पिण्याच्या पाण्याचा स्रोत घराच्या आवारात, आवाराजवळ की दूर, असे तीन पर्याय होते. ग्रामीण भागात ५०० मीटरच्या आतला स्रोत ‘जवळ’ धरला होता, तर शहरात १०० मीटरच्या आतला. त्याच धर्तीवर मीही अंतराचा रकाना मीटरमध्ये ठेवला. बायका सांगत, “जवळच आहे की ताई, ओहोळावर जायचं.” मग मी अंदाजाने ३०० किंवा ४०० लिहून पुढच्या घरी जाई. त्या रकान्यातला एकही आकडा त्यांनी उच्चारलेला नव्हता, हे माझ्या लक्षात आले ते विदा संगणकावर चढवताना.

मग फोनमध्ये जीपीएस सुरू करून एका वहिनींबरोबर मी ओहोळापर्यंत गेले. त्यांच्याकडे चुंबळ आणि दोन हंडे, माझ्याकडे फक्त फोन, आणि परतीच्या चढावर तरीही मीच दोनदा थांबले. क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणकप्रणालीत ती वाट उघडली, तेव्हा सरळ रेषेतले अंतर चारशे मीटरही भरले नाही. वाट मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि सगळी उतरणीची. म्हणजे जनगणनेच्या भाषेत हा स्रोत ‘जवळ’. गंमत अशी की ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जुन्या राष्ट्रीय निकषात सपाट प्रदेशासाठी १.६ किलोमीटर अंतर आणि डोंगराळ प्रदेशासाठी १०० मीटर उंचीचा फरक, अशी वेगवेगळी मर्यादा होती. डोंगरात चढ मोजावा लागतो हे त्या निकषाला ठाऊक होते; माझ्या प्रश्नावलीत त्याला जागाच नव्हती.

तरी नकाशालाही निम्मेच कळले होते. ओहोळाच्या कोरड्या पात्रात खणलेल्या डवऱ्यात पाणी झिरपून साचते आणि ते वाटीने उपसून हंड्यात भरावे लागते. एक हंडा भरला की पुन्हा पाणी साचेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचे. ज्यांना घरी परतावे लागे, त्या आपल्या जागी रिकामा हंडा ठेवून जात आणि तो सरकवला गेला की भांडण होई. त्या दिवशी वहिनींचा नंबर यायला दोन तास लागले. रात्री गर्दी कमी असते, म्हणून घरातली नवी सून दोन वाजता उठते, हे मला तिथे बसल्यावर कळले. प्रश्नावली तिच्या सासऱ्यांनी भरून दिली होती आणि त्यात पाण्याला लागणारा वेळ होता अर्धा तास.

वेळेची मोजदाद करणारी साधने नाहीत असे नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील प्रत्येकाचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवला गेला. तो दिवस मात्र पहाटे ४ ला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे ४ ला संपतो. दोनला उठून पाचला परतणाऱ्या सुनेची एकच खेप अशा नोंदीत दिवसाच्या दोन टोकांना विभागली जाईल. आकडा बरोबरच येईल, पण खेप ओळखू येणार नाही.

पद्धतींच्या या मेळाला पुस्तकांत ‘त्रिकोणीकरण’ म्हणतात. शब्द भूमापनातला आहे. विल्यम लँबटन या ब्रिटिश भूमापकाने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण याच तत्त्वावर उभे होते. मला ही उपमा थोडी फसवी वाटते. भूमापक वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच टेकडीकडे पाहतो. माझी प्रश्नावली कुटुंबाकडे पाहत होती, नकाशा वाटेकडे आणि मुलाखत त्या सुनेकडे. शिवाय तुलनेसाठी घेतलेली जनगणनेची कोष्टके महसुली गावाशी थांबत होती; गावठाण आणि त्याचे विखुरलेले पाडे त्यांत एकाच टक्केवारीत मिसळलेले. त्यामुळे तिन्हींची उत्तरे जुळली असती तरच मला शंका यायला हवी होती. शेवटी मी विश्लेषणाचे एकक बदलून ‘एका व्यक्तीची एक खेप’ असे केले, अंतराचा रकाना काढून टाकला आणि कोण, किती वाजता निघते आणि किती वाजता परतते, एवढेच विचारले. वाट जीपीएसवरून घेतली. प्रबंधातली तीन प्रकरणे गळून एकच उरले, ते मार्गदर्शकांना फारसे रुचले नाही.

नकाशा छापून मी पाड्यावर नेला, तेव्हा एका आजींनी गावठाणाकडच्या विहिरीच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवले. “हे होळीपर्यंत,” त्या म्हणाल्या आणि बोट डवऱ्यावर नेले, “मग हे.” भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चारदा मोजते, हे मी पाठ केलेले होते, तरी माझ्या नकाशावर महिनाच नव्हता. पुढच्या आठवड्यात मी दोन नकाशे केले, एक होळीआधीचा आणि एक होळीनंतरचा. दुसऱ्यात ती विहीर नाही.