आमची वाटचाल : ग्रिल-गेटपासून पडवीतल्या टीव्हीच्या पेटीपर्यंत

दापोलीत वडिलांनी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं तेव्हा कामं ठरलेली असायची. खिडक्यांची ग्रिलं, गेट, विहिरीवरची जाळी, आणि हर्णै बंदरातल्या होड्यांचं किरकोळ लोखंडकाम. होड्यांच्या कामाने त्यांची नजर घडली. एखादी वस्तू खाऱ्या वाऱ्यात किती टिकेल हे ते रंग बघून सांगत नसत, सांधे बघून सांगत. पाणी जिथे अडकून राहतं तिथे गंज धरतो. आज मी आणि धाकटा भाऊ पडवीत लावलेल्या टीव्हीला जपणाऱ्या पेट्या बनवतो. त्या वडिलांनी कधी बनवल्या नाहीत, पण वेल्डिंग झालं की आधी सांधे बघायची सवय त्यांचीच.

टीव्हीचं काम ओघाने आलं. कर्दे, मुरूड, लाडघर या पट्ट्यात घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली. ऐन हंगामात, एप्रिल-मेमध्ये, आयपीएल. खोलीत बसून मॅच बघायला कोण एवढ्या लांब येतो? मग आतला टीव्ही पडवीत आला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने कौलं, पत्रे, मांडव सगळंच नेलं, आणि पुढे बराच काळ आम्ही फक्त छपरं उभी करत होतो. नव्या शेडचं माप घेताना मालक हळूच म्हणायचे, "भाऊ, या कोपऱ्यात टीव्हीचं पण काहीतरी बघा."

तोवर लोक आपापल्या परीने उपाय करत होते. कोणी ताडपत्रीचा तुकडा, कोणी जुनी चादर, कोणी सुताराकडून प्लायचं कपाट. कर्द्यातल्या एका वहिनींच्या पडवीत बंद पडलेला टीव्ही बघून मी म्हटलं, "वहिनी, कव्हर तर चांगलं जाड दिसतंय." त्या म्हणाल्या, "अहो, आतून घाम येतो त्याला. सकाळी काढलं की स्क्रीनवर पाणी." निदान त्यांनी अर्ध्या वाक्यात केलं होतं. बंद प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते, पहाटे गारवा आला की तिचं पाणी होतं आणि ते थेट सर्किटवर बसतं. आमच्या ओळखीचा टीव्ही दुरुस्त करणारा पडवीतले मेलेले टीव्ही उघडून दाखवायचा, तेव्हा आत पावसाचं पाणी क्वचितच असे. असायची ती कनेक्टरवर हिरवी बुरशीसारखी पूड, मुंग्यांचं वारूळ आणि ऊब शोधत आलेली पाल. कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत बहुधा ४० अंशांपर्यंत तापमान आणि ८० टक्क्यांपर्यंत आर्द्रता अशी मर्यादा छापलेली असते. जुलैत आमच्याकडची हवा आर्द्रतेची मर्यादा रोजच ओलांडते. बाहेर लावलेल्या टीव्हीला वॉरंटी मिळेल ही आशाही सहसा करू नये.

म्हणून आमच्या पेटीचं पहिलं तत्त्व हेच, की ती हवाबंद नसते. ४३ इंची टीव्ही साधारण ८० ते १०० वॉट घेतो. जवळजवळ ती सगळी वीज शेवटी उष्णता होते, आणि ती बाहेर जायला वाट हवी. पेटीच्या तळाला जाळीची खाच, वर मागच्या अंगाला दुसरी. त्या वरच्या खाचेवर खाली वळवलेली पत्र्याची पापणी, म्हणजे पागोळीचं पाणी आत शिरत नाही. वरच्या जाळीमागे कॉम्प्युटरमध्ये असतो तसला १२ व्होल्टचा पंखा, थर्मोस्टॅटवर, म्हणजे आत तापलं की आपोआप सुरू होणारा. जाळी मच्छरदाणीइतकी बारीक, ती पालीच्या पिल्लांसाठी. तळाच्या कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं. वायर फक्त खालूनच, रबरी ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच), आणि ग्लँडच्या आधी वायरीला खाली झोल दिलेला, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाला टपकून जातं. टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा तळाला असतात, त्यामुळे तळाच्या खाचेतून आवाजही बाहेर येतो. हा फायदा आम्ही ठरवून मिळवलेला नाही, पण पाहुण्यांना आवडतो.

पत्र्यावर आमचं सगळ्यात जास्त डोकं गेलं. बाजारात 'स्टील' म्हणून २०२ ग्रेड सर्रास देतात. चुंबक चिकटलं नाही की गिऱ्हाईक खूश होतं, पण चुंबक २०२ लाही चिकटत नाही आणि समुद्राकाठी तो लवकर डागाळतो. ३०४ बरा, तरी किनाऱ्याला लागून असलेल्या घरी त्यावर चहासारखे तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे तो मिठाला बराच जास्त टिकतो, पण किमतीने गिऱ्हाईक पळतं. म्हणून आम्ही मधला मार्ग धरला. पेटी पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमची, स्क्रू आणि बिजागऱ्या ३१६ च्या, आणि दोन धातू एकमेकांना टेकतात तिथे नायलॉनचा वॉशर. तो वॉशर विसरला तर ॲल्युमिनियम स्क्रूभोवती पांढरं होऊन भुगा पडतो. पुढच्या दारासाठी काच की पॉलिकार्बोनेट, यावर घरात अजून वाद आहे. काच ओरखडत नाही. पॉलिकार्बोनेट नारळ पडला तरी फुटत नाही आणि वजनाला हलकं, पण अतिनील किरणं अडवणारा थर असलेली बाजू बाहेर ठेवली नाही तर पिवळं पडतं. मी पॉलिकार्बोनेटच्या बाजूचा. भाऊ काचेच्या बाजूचा, कारण तक्रारी फोनवर त्याला ऐकाव्या लागतात. चार मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट हा सध्या मान्य झालेला तह आहे.

भिंतीचा प्रश्न शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. इथली जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र आणि मऊ. फुगणारा अँकर फास्टनर आवळला की तो दगडालाच खातो आणि भोक मोठं होतं. पेटी आणि टीव्ही मिळून चांगलं वजन होतं, वर वाऱ्याचे हिसके. त्यामुळे आम्ही आरपार बोल्ट घालून भिंतीच्या मागे पट्टी देतो. ते शक्य नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट.

विजेचं काम भावाकडे, तो वायरमन. पडवीतल्या टीव्हीच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय तो पेटीत प्लग घालत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची केबलही काढायची, तिच्यातूनही झटका आत येतो.

उन्हाचं गणित मात्र पेटीने सुटत नाही. समुद्र आमच्या पश्चिमेला. सगळ्यांना पडवी समुद्राकडे तोंड करून हवी, आणि टीव्ही त्याच तोंडाच्या भिंतीवर. मग चार वाजल्यापासून मावळतीपर्यंत ऊन सरळ पडद्यावर. घरगुती टीव्हीचा उजेड २५० ते ३५० निट्सच्या आसपास, त्यात काही दिसत नाही. शिवाय तापून पडद्यावर काळे डाग उमटू शकतात. अशा ठिकाणी आम्ही उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेल्या आडव्या भिंतीचा आग्रह धरतो. आडवी भिंत नसेल आणि मालक ऐकत नसतील तर काम घेत नाही. दोन-चार ऑर्डरी त्यात गेल्या, जाऊ देत.

खास बाहेरचे टीव्ही बनतात हे आम्हाला ठाऊक आहे. सॅमसंगने २०२० मध्ये 'द टेरेस' आणला. त्याला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं आयपी५५ मानांकन आहे आणि उजेडही कितीतरी जास्त. रिसॉर्टला तो शोभतो. चार खोल्यांच्या घरगुती व्यवसायाला २५–३० हजारांचा टीव्ही आणि आमची पेटी परवडते, पुढे टीव्ही बिघडला तर पेटी तीच राहते. आमच्या पेटीवर आम्ही आयपीचा आकडा लिहीत नाही. ती चाचणी प्रयोगशाळेत व्हावी लागते, नळी मारून बघितलं म्हणजे झाली असं नसतं.

जून ते गणपतीपर्यंत ज्यांचे पाहुणे बंद असतात त्यांना आम्ही सरळ सांगतो, टीव्ही घरात घ्या. त्यासाठी ब्रॅकेट अडकवायचंच ठेवलं आहे, दोन माणसांनी उचललं की निघतं. ज्यांना पावसातही चालू ठेवायचा आहे त्यांनी रोज तासभर तरी लावावा, टीव्हीची स्वतःची ऊब आतला दमटपणा घालवते. पेटीत सिलिका जेलची पुडी असते. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायची.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने पेट्या आता गुहागरकडेही जातात. चौकशी करताना टीव्हीचं मॉडेल, भिंत चिऱ्याची की विटांची, आणि संध्याकाळी पाच वाजता त्याच जागेचा काढलेला एक फोटो, एवढं पाठवा. फोटोत ऊन दिसलं तर आधी आम्ही तुम्हाला जागा बदलायला सांगू, पेटीचा भाव त्यानंतर.