गरम हवेचं मूळ शोधताना: एअरबॉक्स आणि इनटेक तापमानाचा माझा अनुभव

बाहेर ३१ अंश, गाडी ताशी ८० किमीच्या स्थिर वेगात, आणि इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाचा, तापमान सेन्सर दाखवतोय ४६. हवा जितकी गरम तितकी विरळ, आणि तितकी ताकद कमी. टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात हे १५ अंश येतात कुठून, याचा छडा लावायचा होता. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र), दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) आणि पाण्याची पारदर्शक नळी एवढ्या साधनांत काम भागलं.

सगळ्यात आधी सेन्सर खरं बोलतो का ते पाहिलं. गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करून कूलंट, इनटेक आणि बाहेरचं तापमान वाचलं. तिन्ही २ अंशांच्या आत जुळायला हवीत. कूलंट आणि बाहेरचा आकडा जुळून इनटेक एकटाच ८-१० अंश वेगळा निघाला, तर आधी सेन्सर बदलावा. पुढची मोजमापं त्याशिवाय फुकट जातात.

मग एक थर्मोकपल स्नॉर्कलच्या, म्हणजे बाहेरची हवा आत घेणाऱ्या नळीच्या, तोंडाशी आणि दुसरा फिल्टरनंतर एअरबॉक्सच्या (फिल्टरच्या डब्याच्या) आत बसवला. ताशी ८० ला तोंडाशी ४३, बॉक्समध्ये ४४ आणि मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवरच्या) सेन्सरला ४६. म्हणजे १५ पैकी १२ अंश हवा तोंडात शिरण्याआधीच चढलेले होते. बॉक्सला चकचकीत फॉइल गुंडाळायचा बेत मी इथेच सोडला. त्यामागचा हिशेब सोपा आहे. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून हवेची झडप पूर्ण उघडल्यावर, ६००० आरपीएमवर हे इंजिन सेकंदाला साधारण ५५ ग्रॅम हवा ओढतं. तेवढी हवा वाटेत १० अंशांनी तापवायला ५५० वॅट उष्णता लागते, आणि प्लास्टिकच्या भिंतीतून एवढी उष्णता जाणं अवघड. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मात्र सेकंदाला जेमतेम २ ग्रॅम हवा जाते, तेव्हा २० वॅटही पुरतात. म्हणून सिग्नलला उभ्या गाडीत आकडा ६० कडे धावतो आणि गाडी पळू लागली की उतरतो. फॉइलचा उपयोग झालाच तर उभ्या गाडीत, म्हणजे ताकद नकोच असते तेव्हा.

तोंडाशी गरम हवा का? रेडिएटर आणि वरची पट्टी यांच्यामधला फोम कुजून गळून पडला होता. रेडिएटरमागची तापलेली हवा त्या फटीतून पुढे येत होती आणि स्नॉर्कलचं तोंड नेमकं त्याच फटीच्या वर होतं. १० मिमी जाडीची बंद छिद्रांची फोमपट्टी चिकटवली, तेवढ्यानेच तोंडाशी ५ अंश उतरले. या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याची पायरी हीच.

पुढची पायरी दाबाची: हवेला वाटेत अडथळा किती होतो ते पाहायचं होतं. ६ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी U आकारात वाकवून पाटीवर बांधली, त्यात रंगीत पाणी भरलं, एक टोक उघडं ठेवलं आणि दुसरं एअरबॉक्सला पाडलेल्या छिद्रात बसवलं. दोन्ही बाजूंच्या पातळीतलं अंतर म्हणजे दाबाची घट; १० सेमी पाणी म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. हे टोक थ्रॉटलनंतर, इंजिनाच्या बाजूला चुकूनही लावू नये, तिथला व्हॅक्यूम सगळं पाणी इंजिनात खेचेल. चाचण्या वाहतुकीला बंद असलेल्या सरळ पट्ट्यावर घेतल्या आणि नळी सोबतच्या माणसाने वाचली. पूर्ण थ्रॉटलला ६००० वर फिल्टरच्या आधी १३ सेमी आणि फिल्टरनंतर १९. मळलेला फिल्टर ६ सेमी खात होता, स्नॉर्कल एकटा १३! त्याच्या सर्वांत अरुंद जागी व्यास ४२ मिमी होता, तिथे हवेचा वेग सेकंदाला ३७ मीटरपर्यंत जातो. ६० मिमीच्या पाइपमध्ये तो १८ वर येतो, आणि वेग निम्मा झाला की तोटा चौथ्या हिश्श्यावर येतो.

म्हणून आतून गुळगुळीत, ६० मिमीचा पाइप घेतला. घड्यांची लवचीक नळी वळायला सोपी, पण तिच्या घड्या हवेला अडवतात. ती फक्त जोडापुरती वापरली. पाइपच्या तोंडाला १० मिमी त्रिज्येची गोलाई दिली. कापून तसंच सोडलेलं धारदार तोंड फुकट दाब खातं. तोंड रेडिएटरच्या पुढे, ग्रिलच्या वरच्या कडेमागे, बंपरच्या वर ठेवलं. आणखी थंड हवा मिळते म्हणून ते बंपरखाली नेणं धोक्याचं आहे. साचलेल्या पाण्यात इंजिनाने एकदा घोट घेतला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नळीच्या सर्वांत खालच्या जागी ६ मिमीचं निचरा-छिद्र पाडलं. समोरून हवा कोंबली जाऊन ताकद वाढेल या आशेवर राहू नये: ताशी १०० किमीला तो दाब जेमतेम ४५० पास्कल, म्हणजे अर्धा टक्काही नाही.

दोन चुका झाल्या. पहिल्यांदा पाइप बॉडीला आणि एअरबॉक्सला दोन्हीकडे घट्ट बांधला. बॉक्स इंजिनासोबत हलतो, बॉडी हलत नाही. आठवड्याभरात झाकणाची एक क्लिप सुटली आणि फिल्टरनंतरच्या बाजूला धुळीची बारीक रेघ दिसली. ही रेघ दिसली की फिल्टर कितीही चांगला असो, इंजिन धूळ खातंय. आता मध्ये रबरी जोड आहे, चहूबाजूंनी २० मिमी मोकळी जागा आहे आणि फिल्टरच्या रबरी कडेला ग्रीसचा पातळ हात आहे. दुसरी चूक म्हणजे बॉक्सला लटकलेला रेझोनेटरचा डबा अडगळ समजून काढला. ३००० आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये घुमणारा आवाज आला आणि तिथला गाडीचा जोरही मंदावला. तो डबा इनटेकमधल्या दाबाच्या लाटा शमवण्यासाठीच असतो. परत बसवला, दोन्ही तक्रारी गेल्या.

नवा कागदी फिल्टर घालून शेवटची मोजमापं: फिल्टरआधी ४ सेमी, नंतर ८. ताशी ८० ला सेन्सर ३६. हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या उलट प्रमाणात बदलते, त्यामुळे १० अंशांनी ती सुमारे ३ टक्के वाढते. ताकद मात्र साधारण वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे दीड टक्काच वाढते, कारण थंड हवा गरम पोर्टमधून (सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या वाटेतून) जाताना जास्त उष्णता उचलते. दाबाची घट १९ सेमीवरून ८ वर आली, त्याचा १ टक्का वेगळा. शिवाय इनटेक गरम असताना नॉकिंग (इंधन वेळेआधी आपोआप पेटून होणारा ठोका) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडत होता. आता पूर्ण थ्रॉटलला ठिणगी २ अंश आधी (जास्त ॲडव्हान्स) पडताना दिसते. तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० किमी आधी ९.८ सेकंदांत व्हायचं, आता ९.५, दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा घेतलेली ही सरासरी. अर्ध्या थ्रॉटलला फरक शून्य, आणि तसाच असायला हवा, कारण तिथे हवा थ्रॉटलच अडवतो. मायलेजसाठी हा खटाटोप करू नये.

ज्यांच्या गाडीत हवेचं वजन मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे, त्यांनी त्याच्या नळीचा व्यास बदलू नये आणि वळण त्याच्या अगदी आधी आणू नये. ईसीयू चुकीची हवा मोजतो. काम झाल्यावर स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात कायम केलेली दुरुस्ती, टक्क्यांत) पाहावी. ती आधीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त सरकली असेल, तर नळीचे जोड आणि सेन्सरची जागा पुन्हा तपासावी.