राजदूतची टाकी, लिंबू सत आणि बाबांचं डांबर

बाबांची राजदूत मोटरसायकल सात-आठ वर्षं जिन्याखाली उभी होती, आणि तिच्यावर काय काय ठेवलं जायचं ते विचारूच नका, कूलरची जुनी खस, फुटक्या कुंड्या, गेल्या दिवाळीचा आकाशकंदील. यंदा मे महिन्यात सुट्टी होती तर म्हटलं काढूच. कार्बोरेटर साफ केला, प्लग नवा टाकला, वीसेक किकांनंतर चालू पण झाली, पण मानेवाड्याहून निघालो की सक्करदऱ्याच्या अलीकडेच बंद. पुन्हा कार्बोरेटर खोलला तर खालच्या वाटीत विटेच्या भुग्यासारखा लाल गाळ. मग टाकीचं झाकण काढून मोबाईलचा टॉर्च मारला. आत गंजाचे असे पापुद्रे सुटलेले की बोट लावलं तर हातात यावेत.

बाबा खुर्चीवरूनच म्हणाले, "डांबर मार न बे त्यात. कूलरले नाही का मारत?"

आता नागपूरकराला हे सांगावं लागत नाही, आपल्याकडे सीझनच्या आधी कूलरच्या ट्रेला काळं डांबर मारलं की गंजाचा विषय संपला. पण कूलरमध्ये पाणी असतं, टाकीत पेट्रोल, आणि पेट्रोलमध्ये डांबर विरघळतं. म्हणजे ते सगळं काळं पाणी होऊन थेट कार्बोरेटरमध्ये. बाबांना हे पटलं नाही, ते "बरं" म्हणाले, त्यांचं "बरं" म्हणजे नाही पटलं.

एका मेकॅनिकनं संडासचं ॲसिड टाकायला सांगितलं, दहा मिनिटांत चकाचक म्हणे. होतं चकाचक, खोटं नाही, पण ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आधीच पातळ झालेल्या टाकीत मला ते नको होतं. म्हणून इतवारीतून लिंबू सत आणलं, किलोभर. तेच ते, सरबतात टाकतात ते.

पण सत टाकायच्या आधी दोन कामं असतात आणि घाईत लोक तीच सोडतात. राजदूत टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच चालवायची, त्यामुळे आत तेलाचा चिकट थर बसलेला असतो, आणि तेलाखालच्या गंजाला सत शिवत पण नाही. म्हणून आधी कपड्याचा साबण आणि गरम पाणी, तीन-चारदा, पेट्रोलचा वास जाईपर्यंत. मग सायकलची जुनी चेन आत सोडली, एक टोक तारेनं बांधून बाहेर ठेवलं, आणि टाकी गोधडीत गुंडाळून मी आणि पुतण्या अर्धा तास हलवत बसलो. काही जण नट-बोल्ट टाकतात, टाका, पण मोजून टाका, कारण या टाकीच्या मधून फ्रेमचा पाइप जातो, दोन्ही बाजूला वेगळे पोटं आहेत, एखादा नट पलीकडे गेला की दुपार गेली.

सत गरम पाण्यात जोरात काम करतं, आणि इथे नागपूरचा मे कामी आला. दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून असं येतं की हात धुववत नाही. गीझर नको, पातेलं नको. लिटरला 80-90 ग्रॅम या हिशेबानं सत विरघळवलं, पेट्रोल सोडायच्या कॉकच्या जागी रबर लावून पट्टी कसली, आणि टाकी काठोकाठ भरली, कारण गंज वरच्या छताला पण असतो, लोक अर्धी भरतात आणि मग वरचा गंज खाली झडत बसतो. पेंटवर थेंब पडला की लगेच पाणी मारायचं. थोड्या वेळात बारीक बुडबुडे सुरू, दुसऱ्या दिवशी पाणी हिरवट-काळं. ते फेकून पुन्हा एकदा ताजं भरलं. दीड दिवसानं आत राखाडी पत्रा दिसला, जिन्याखालच्या त्या डब्यातून असा पत्रा निघेल असं वाटलं नव्हतं राव.

नंतर खायचा सोडा टाकून धुवायची, आत राहिलेला आंबटपणा मारायला. फेस तोंडातून वर येतो, घाबरू नका. आणि शेवटचं पाणी उकळतं घ्या, पत्रा तापतो आणि लगेच सुकतो. कोरडी होईपर्यंत थांबायचं नाही, चहाला तर अजिबात जायचं नाही, मी गेलो होतो, आलो तर आत नारिंगी धूळ. पुन्हा सत, पुन्हा सोडा. दुसऱ्या वेळी बायकोचा हेअर ड्रायर लावून उन्हात उभाच राहिलो, डोक्यावर ओला दुपट्टा.

आता कोटिंगचं, म्हणजे टाकीला आतून लेप द्यायचं. माझं मत असं की भोक नसेल तर कोटिंग करूच नका, टाकी भरलेली ठेवा, बस. रिकाम्या टाकीत हवा असते, हवेतली वाफ रात्री पत्र्यावर बसते, गंज तिथूनच येतो. आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं आणि काही जुन्या कोटिंगला मऊ पण करतं. मित्राच्या येझदीचं कोटिंग दुधावरच्या सायीसारखं सुटून कॉकमध्ये अडकलं, ते काढणं गंज काढण्यापेक्षा वाईट.

पण माझ्या टाकीला भोक निघालं. खोलीत अंधार करून टॉर्च आत सोडला तर मागच्या बाजूला, खालच्या सांध्याजवळ सुईच्या टोकाएवढा उजेड. पाणी साचतं तीच जागा. वेल्डिंगवाल्याकडे नेणार नव्हतो, पेट्रोलच्या टाकीला आग लावणं हे माझ्या घरच्यांना नको. इथेनॉलला चालेल असं डब्यावर लिहिलेलं दोन डब्यांचं, एकत्र मिसळलं की घट्ट होणारं इपॉक्सी कोटिंग मागवलं.

आणि दुपारी बारा वाजता मिसळलं. भैताड मीच. उन्हात इपॉक्सी किती लवकर धरतं हे वाचलं होतं, तरी. ओतायच्या आत हातातला प्लास्टिकचा मग गरम झाला, वाकडा झाला, आणि आत दगड. तो दगड अजून गच्चीवर आहे, मगासकट.

दुसरा सेट आल्यावर पहाटे पाचला बसलो. कॉकच्या जागी ग्रीस लावलेला बोल्ट, तोंडाला टेप, आणि मग टाकी लहान पोराला झोपवावं तशी हळूहळू सगळीकडून फिरवायची, पण आत तळं साचू द्यायचं नाही, जास्तीचं बाहेर काढायचं. ते मी वर्तमानपत्रावर ओतणार तेवढ्यात बाबा दात घासायचा ब्रश तोंडात धरून आले.

"फेकून काऊन राहिला? आण इकडे."

जुन्या पेंट ब्रशनं त्यांनी ते कूलरच्या गळक्या कोपऱ्याला फासलं. चार दिवसांनी टाकीत पेट्रोल भरलं, रात्रभर खाली कोरा कागद ठेवला, सकाळी एक डाग नाही. कूलरचा कोपरा पण गळत नाही, आणि ते बाबा आल्या-गेल्याला आधी सांगतात.