बंधाऱ्याची उंची कमी करा

नेपाळमधल्या एका डोंगरी नदीवर कालव्यासाठी छोटा बंधारा बांधायचा होता. पावसाळ्यात ही नदी वाळू, गोटे, झाडांची खोडं, सगळंच घेऊन येते. पुण्याहून नेलेल्या आराखड्यात आम्ही माथा उंच धरला होता आणि गाळ सोडायला जादा दारं दिली होती. सहसल्लागार चीनमधल्या चेंगडूचे, बैठकही तिथेच होती. त्यांच्या ज्येष्ठ अभियंत्यांना सगळे ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणत, म्हणून मीही म्हणे. त्यांनी ड्रॉइंग न्याहाळलं, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला गाडीत घालून दुजियांगयानला नेलं.

मिन नदीवरचं हे काम इ.स.पू. २५६ च्या सुमाराचं, ली बिंग या सुभेदाराने करवून घेतलेलं. तिथे धरण असं नाहीच! पात्रात एक निमुळता बांध नदी दोन फाट्यांत विभागतो. जागा वळणावरची. वळणावर वरचं नितळ पाणी बाहेरच्या काठाला जातं, तळाचा गाळ आतल्या काठाकडे सरकतो. शेतीचा फाटा नेमका नितळ बाजूला काढलाय. त्यातही जो गाळ शिरतो, त्याच्यासाठी पुढे एक बुटका सांडवा, दोनेक मीटर उंचीचा. पुरात पाणी समोरच्या कड्यावर आदळून गरगरतं आणि गोट्यांसकट सांडव्यावरून मुख्य नदीत परत जातं. मूळ रचनेत ना दार, ना ते फिरवणारा माणूस.

“तुम्ही गाळ अडवायला निघालात,” लाओशी म्हणाले. “त्याला जायचंय कुठे, ते आधी बघा.” मग गुन आणि यू या बापलेकांची चिनी दंतकथा सांगितली. बापाने बांध घालून महापूर अडवायचा प्रयत्न केला आणि हरला. मुलाने पाण्याला वाटा करून दिल्या.

मला हे जरा गुळगुळीत वाटलं. विचारलं, मग सानमेनशियाचं काय? ह्वांग हो नदीवरचं ते धरण १९६० मध्ये भरायला घेतलं आणि गाळ मागे पार वेई या उपनदीपर्यंत चढला. लाओशी हसले. “जलतज्ज्ञ ह्वांग वानली सांगत होते, तळाची भोकं बुजवू नका. बुजवली, आणि नंतर पुन्हा फोडावी लागली.” म्हणजे परंपरा रक्तात उतरते वगैरे काही नाही. कुणीतरी ती ऐन वेळी आठवावी लागते, आणि बाकीच्यांनी ऐकावी लागते.

ली बिंगच्या देवळात सहा अक्षरांत नियमच कोरलाय: पात्र खोल उपसा, बांध ठेंगणा ठेवा. किती खोल, तर पात्राच्या तळात लोखंडी दांडे पुरलेत. उपसताना दांडा लागला की थांबायचं. हे काम हिवाळ्यात पाणी वळवून करायची रीत. आमच्याकडे धुळ्याच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीतही, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामुदायिक सिंचनातही, पाट साफ करायला शेतकरीच उतरत.

परतल्यावर आम्ही कालव्याचं तोंड वळणाच्या बाहेरच्या काठाला नेलं, माथा खाली घेतला, दारं कमी केली. मालकांनी उंची लगेच मान्य केली, काँक्रीट वाचत होतं ना! घोडं अडलं ते दरवर्षीच्या गाळ उपशाच्या कलमावर. बांधकामाला पैसे होते, देखभालीचा रकानाच निविदेत नव्हता. तो घालून घ्यायला पुढचं सगळं वर्ष गेलं.