ऑफिस ते घर, मधली मीटिंग

मंगळवार, रात्री उशिरा

आज एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगवरून येताना ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली आणि ठाणं येईपर्यंत एकच विचार डोक्यात, की माझी सगळ्यात वाईट वेळ कायम ऑफिस सुटल्यापासून घराची बेल वाजवेपर्यंतचीच होती. सकाळी मला दारूची कधी आठवण यायची नाही, दुपारीही नाही, पण ऐरोलीला काम संपलं की पाय आपोआप वळायचे, एकदा वळले की रात्र गेलीच. म्हणून मीटिंग कुठली धरू असं कोणी विचारलं की मी सांगतो, आधी तुझी प्यायची वेळ कुठली ते बघ आणि त्याच वेळेची, येण्याजाण्याच्या वाटेवरची मीटिंग शोध. तिथे किती लोक असतात, कोण चांगलं बोलतं वगैरे सगळं नंतर.

मला शोधावी लागली नाही, वहिनीने एएच्या हेल्पलाइनला फोन केला होता. मग घणसोलीला चहाच्या टपरीवर दोन जण भेटायला आले, पूर्ण अनोळखी, पण दोघांनीही उपदेशाचा एक शब्द काढला नाही. आपापलं काय काय झालं होतं तेवढंच सांगितलं. त्यातल्या वयस्कर माणसाने मात्र रोज किती पितोस, बंद केलीस की हात थरथरतात का, हे नीट विचारून घेतलं आणि आधी डॉक्टरकडे पाठवलं. हे मी आता प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. ते डॉक्टरचं काम, मीटिंगचं नाही.

आमची मीटिंग शाळेच्या वर्गात भरते, गुडघे अडकतात अशा लहान मुलांच्या बाकांवर बसायचं. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी चालतं. पिणं थांबवायची इच्छा असली की झालं, दुसरी अटच नाही. ओपन मीटिंगला घरचे पण बसू शकतात, क्लोज्डला फक्त आपण पिणारे. आणि एक जण शेअरिंग करत असताना मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटलं कारण आपल्याकडे कोणी दुःख सांगायला लागला की समोरचा लगेच उपाय सांगतो, पण तिथे बाकीचे नुसतं ऐकतात आणि तेच हवं असतं. ओळखीचं कोणी भेटलं तर, ही भीती मलाही होती. भेटलं तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

एए सुरू कशी झाली हे मला एका जुन्या मेंबरने सांगितलं तेव्हापासून माझा हा वेळेचा मुद्दा अजूनच पक्का झालाय. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावात बिल नावाचा एक शेअर बाजारातला माणूस कामासाठी आला होता, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, बाजूच्या बारमधून हसण्याबोलण्याचा आवाज येतोय. त्याने फोन उचलला आणि गावात माझ्यासारखा दुसरा कोणी दारुडा आहे का, त्याच्याशी बोलायचंय, अशी चौकशी सुरू केली. त्यातून डॉक्टर बॉब भेटला, आणि बॉब शेवटचं प्यायला तो १० जून एएचा स्थापना दिवस धरतात. म्हणजे सुरुवात झाली तीच मुळात पाय वळायच्या वेळेला.

ग्रुपमध्ये काही जण पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून ट्रीटमेंट घेऊन आलेत. १९८६ पासून चालू असलेली ती जागा, खूप लोकांना तिने उभं केलं. पण तेही हेच म्हणतात की आत असताना बाहेरचा रस्ता नसतो, घरी आलो की पहिल्याच संध्याकाळी तो रस्ता समोर येतो.

बायको अलॅनॉनला जाते, ती घरच्यांसाठीची मीटिंग, बिलच्या बायकोने १९५१ मध्ये सुरू केलेली. आधी म्हणाली पितोस तू, मी कशाला जाऊ. आता तिची मीटिंग असली की मी कुकर लावतो. आणि ती माझं तोंड हुंगत नाही, याचं मला किती बरं वाटतं हे तिला अजून नीट सांगितलेलं नाही, सांगायला हवं.

आज एक मुलगा पहिल्यांदा आला होता. पंचविशीचा असेल, काहीच बोलला नाही, फक्त जाताना विचारलं की रोज असते का हो. इथे रोज नसते पण ठाणे-वाशी लाइनवर वेगवेगळ्या वारी वेगवेगळे ग्रुप असतात, ती यादी त्याला दिली, माझा नंबर दिला, आणि रात्री-अपरात्री कोणीच उचललं नाही तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट चालू असतो हेही सांगितलं. येत्या आठवड्यात गटारी आहे, त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर प्लॅन ठरलाय आणि त्याला नाही म्हणता येत नाहीये. मी म्हटलं नाही म्हणायची गरजच नाही, मीटिंगला जायचंय एवढं तुझं तुला माहीत असलं की बास. सुटल्यावर सरळ घणसोली स्टेशनला तिकीट खिडकीपाशी ये, मी सात वाजता तिथे आहे. हो म्हणालाय. सहा वाजता एक फोन करून ठेवेन.