ड्रायर फिरला, पण थांबेना

22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणमध्ये आम्हा रिपेअरिंगवाल्यांना जेवायला सवड नव्हती. माझं दुकान सावर्ड्यात, त्यामुळे माझी हत्यारं तरी कोरडी होती. चिपळुणातल्या कित्येक कारागिरांची दुकानंच पाण्याखाली गेलेली. फ्रीज, मिक्सर, पंप, वॉशिंग मशिनी, काय येईल ते उघडायचं. सगळ्यांचं मागणं एकच, गणपतीच्या आत चालू करून द्या. त्या वर्षी चतुर्थी 10 सप्टेंबरला होती.

पेठमापातल्या एका काकूंचा फोन आला तो नागपंचमीच्या सुमारास. सेमी-ऑटोमॅटिक मशीन. वॉश चालतो, ड्रायर नाही. एक मेकॅनिक येऊन कपॅसिटर (मोटारीला सुरू व्हायला जोर देणारा डबीसारखा भाग) बदलून गेला, तरी फरक नाही. "थोडा वेळ गुं गुं करतो, मग गप्प. अर्ध्या तासाने लावला की परत गुं गुं," असं त्यांनी सांगितलं आणि मला फोनवरच बराच उलगडा झाला. मोटारीला करंट मिळतोय, पण ती अडकलेय. तापली की आतला थर्मल कटऑफ तिला बंद करतो, गार झाली की परत जोडतो. वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, अजून जळलेलं नाही ते त्या कटऑफच्या कृपेने.

श्रावणातल्या कोकणात ड्रायर नसला तर काय होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. घरात तीन दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर कुबट वास मारणाऱ्या चादरी, आणि भिंतीवर स्विचबोर्डाच्याही वर पाण्याची रेघ. म्हणजे मशीन पॅनलसकट बुडालेलं. काकूंनी ते नळीने धुऊन लख्ख केलं होतं. बाहेरून.

पिन काढली, झाकण लावलं आणि खालून हात घालून ड्रायरचं टब फिरवून बघितलं. घट्ट. झाकण लावल्यावर ते नुसत्या बोटाने फिरायला हवं. पुष्कळदा टबाखाली मोजा नाहीतर रुमाल अडकलेला असतो, इथे तसं काही नव्हतं. मागचं कव्हर काढलं तर तळाशी चिखल, सुकून भेगा पडलेला, डिझेलचा वास येणारा. साधं पाणी सुकून जातं, मशीन खातो तो हा चिखल. ब्रेकच्या तारेच्या नळीत, लिव्हरच्या खिळीत, मोटारीचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशच्या तेलात, जिथे फट मिळेल तिथे तो बसतो आणि हवेतला ओलावा धरून ठेवतो.

या ड्रायरमध्ये झाकणाची दोन कामं असतात. लावलं की ब्रेकची तार ओढली जाते आणि ब्रेकचा गट्टू ड्रमवरून सुटतो. त्याच वेळी पॅनलमधला डोअर स्विच जुळून मोटारीला करंट मिळतो. उघडलं की उलट, करंट तुटतो आणि ब्रेक बसतो. इथे तार नळीत गंजून जाम झाली होती. झाकण लावा नाहीतर उघडा, ब्रेक आपला ड्रमला चिकटलेला. त्यापुढे नवा कपॅसिटर काय करणार?

तरी घाईने सप्लाय द्यायचा नसतो. मोटारीच्या तिन्ही वायरी सोडवून मेगर लावला, म्हणजे करंट बॉडीत झिरपतो का ते बघायचं मीटर. 500 व्होल्टवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात निदान 1 मेगोहम तरी पाहिजे, इथे काटा 0.3 वर. म्हणजे हात लावणाऱ्याला झटका बसण्याची सोय. मोटार काढून स्वच्छ पाण्याने धुतली (लोकांना हे बघून धक्का बसतो, पण चिखल आत ठेवून वाळवण्यात अर्थ नाही), पाणी निथळवलं आणि खोक्यात 100 वॅटचा बल्ब पेटवून त्यात रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी काटा 20 च्या वर. बुशला तेल सोडलं, मोटार बसवली.

तार अजून मोकळी व्हायची होती, म्हणून ब्रेकचा लिव्हर सुतळीने मागे बांधला आणि मशीन सिरीज बल्बवर घेतलं, म्हणजे आधी बल्बमधून जाऊन मगच मशीनला करंट मिळेल असं जोडलं. बल्ब एकदम पेटून मंद झाला, टब हलायला लागलं. मग थेट सप्लाय दिला. ड्रायरने मस्त सूर धरला. काकू तर ओल्या चादरी घेऊन तयारच. मी सवयीने झाकण उघडलं.

सूर उतरला नाही.

ब्रेक बांधलेला होता, तेव्हा टब लगेच थांबणार नव्हतं हे ठीक. पण करंट तुटला की आवाज हळूहळू पडत जातो. इथे टब मिनिटाला तेराशेच्या वर फेऱ्यांनी, तोंड उघडं, तसंच फिरत राहिलं. शेजारी काकूंचा नातू स्टुलावर चढून वाकून बघत होता. मी पिन उपटली, मग त्याला खाली उतरवलं.

पॅनल उघडलं. डोअर स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळलेल्या, वर टेप, अगदी नीटनेटकं काम. स्विचच्या पत्त्या हिरव्या पडून करंट जाईना, तेव्हा आधीच्या मेकॅनिकने सरळ बायपास केला होता. त्याचंही दिवसाला दहा घरचं काम असेल, पण हे करायचं नसतं. पोराचा हात नाहीतर ओढणीचं टोक, एवढं पुरतं. ब्रेक जाम होता म्हणून ती करामत आजवर लपून राहिली.

नवा स्विच चिपळुणात मिळत नव्हता, रत्नागिरीहून मागवावा लागणार होता. मी ड्रायरची वायर सोडून ठेवली. काकू भडकल्याच. "अरे, फिरत होता ना आत्ता? मी झाकण उघडणारच नाही, मग तर झालं?" मी म्हटलं, काकू, तुम्ही नाही उघडणार, पण हा? नातवाकडे बघून त्या गप्प झाल्या. चहा मात्र आला नाही त्या दिवशी.

स्विच आल्यावर तो बसवला, ब्रेकची तार नवी घातली. जाता जाता टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगला लावून पाहिला, पेटला नाही. मीटरजवळची अर्थिंगची वायरच तुटलेली. ती जोडून घेतल्याशिवाय मशीन लावू नका, असं बजावून वायरमनला माझ्यासमोर फोन करायला लावला.

पैसे देताना काकूंनी डब्यातून जुना कपॅसिटर काढून दाखवला. मीटरवर धरला तर 5 मायक्रोफॅरडचा 4.9 दाखवत होता, म्हणजे चांगला.

"मग नवा काढ आणि हा लाव," काकू म्हणाल्या. "नवा मी त्याला परत देते आणि पैसे घेते."

मी बदलून दिला. काकूंनी ते पैसे वसूल केले असणार, याबद्दल मला शंका नाही.