मेंढपाळांचं काम कोणाला?

आम्ही शाळेत होतो तेव्हा सोलापुरात नाताळ म्हटलं की सांताक्लॉज आठवत नसे. तो लाल डगला पुढे दुकानांतून आला. त्याच्यामागे चौथ्या शतकातल्या निकोलस नावाच्या बिशपाची आठवण आहे, आणि दानशूर म्हणून त्याचा लौकिक आहे, म्हणून सांतावर माझा राग नाही. पण आम्हा ख्रिस्ती लोकांचा नाताळ कशाचा, हे मला आपल्या शाळेतल्या येशूजन्माच्या एका नाटकात कळलं. शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने तेच लिहावंसं वाटतं.

साल १९७२, दुष्काळाचं. गावाकडचे नातेवाईक खडी फोडायच्या कामावर, घरात मिलो ह्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, शाळेत सुकडी. त्या वर्षी आमच्याकडे करंज्या नाहीत की अनरसे नाहीत. दारात कागदाची चांदणी तेवढी लागली. अशा दिवसांत नाटक कशाला, असं काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं. आमच्या वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, ‘ह्याच वर्षी करायचं.’

कामं वाटताना भांडणं झाली. सगळ्यांना बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले राजे व्हायचं होतं, कारण त्यांना जरीचे शेले मिळणार होते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ते राजे होते असं नाही आणि ते तिघे होते असंही नाही. सोनं, ऊद आणि गंधरस ही दानं मात्र तीन आहेत. बाईंनी हे सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. मेंढपाळ व्हायला कोणीच तयार नव्हतं. घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन उभं राहायचं, त्यात काय मिरवायचं?

बाईंनी ते काम सेटलमेंटमधून येणाऱ्या एका मुलाला दिलं. नव्या पिढीला सेटलमेंट हा फक्त एक भाग वाटेल. इंग्रजी अमदानीत काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारून त्यांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला, पण वीस वर्षांनंतरही वर्गात कोणाची पट्टी हरवली की आधी ह्याचंच दप्तर तपासलं जाई. त्याला काम देताना बाईंनी लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचून दाखवला. देवदूत हेरोद राजाच्या वाड्यावर गेला नाही, मंदिरातल्या याजकांकडेही गेला नाही. गावाबाहेर रात्रभर कळप राखणाऱ्यांना त्याने येशूच्या जन्माची बातमी पहिल्यांदा सांगितली. आमच्यातल्या कितीतरी जणांचे वडील गिरणीत होते. ही मेंढपाळांची रातपाळी आहे, हे आम्हाला लगेच उमगलं. ‘चला, आपण बेथलेहेमास जाऊ,’ हे वाक्य त्या मुलाने असं ठणठणीत म्हटलं की शेलेवाले राजे मागे पडले. त्याची आजी नाटकाला आली होती. तिचं तरुणपण त्या तारेच्या आत गेलेलं. बाईंनी तिला पहिल्या रांगेत बसवलं.

नाताळचा सगळा अर्थ मला तिथेच सापडतो. देवाने वरून निरोप धाडला नाही, तो स्वतः आला, आणि आला तो उतारशाळेत जागा न मिळालेल्या बाईच्या पोटी, गव्हाणीत. चाळीस दिवसांनी मंदिरात अर्पण द्यायची वेळ आली तेव्हा लूक दोन पाखरांचा उल्लेख करतो. यहुदी नियमशास्त्राप्रमाणे कोकरू परवडत नसे त्यांनी होले किंवा पारव्याची पिल्लं आणायची असत. योसेफ आणि येशूची आई मरिया यांची ऐपत तेवढीच होती. मत्तय पुढे सांगतो की हेरोदाच्या भीतीने हे कुटुंब मिसरात पळून गेलं. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. रोममध्ये चौथ्या शतकात हा सण त्या दिवशी पाळला जाऊ लागला. म्हणून मी तारखेवरून वाद घालत नाही. येशू आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील, असं त्याच्या जन्माआधीच योसेफाला सांगितलं होतं. गव्हाणीपासून क्रुसापर्यंत एकच वाट आहे, आणि गुड फ्रायडे बाजूला ठेवून नाताळ साजरा केला तर उरतो तो फराळ आणि रोषणाई.

रोषणाई मलाही आवडते. चर्चमध्ये मध्यरात्रीच्या उपासनेला दिवे लागले की मन भरून येतं. पण त्या वर्षी बाईंनी आमच्याकडून मरियेचं गीत पाठ करून घेतलं होतं. देवाने भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हातांनी लावून दिलं, असं ती गाते. मिलोची भाकरी खाऊन आलेल्या मुलांनी ते म्हटलं, ते ऐकल्यावर फक्त दिव्यांवर समाधान होत नाही.

डिसेंबरात आपल्या जिल्ह्यात कारखान्यांचा गाळप हंगाम असतो. ऊसतोडीला आलेली कुटुंबं फडाशेजारी कोप्यांत राहतात, आणि त्यांची लेकरं ऐन शाळेच्या दिवसांत शाळेबाहेर असतात. आमच्या चर्चची मंडळी आता कॅरल म्हणजे नाताळची गाणी म्हणायला आधी तिकडे जाते. चादरी, पाट्या, थोडा फराळ नेतो आणि कोणत्या मुलाला जवळच्या शाळेत बसवता येईल ते विचारून घेतो. यंदा शाळेतल्या मुलांनी आमच्याबरोबर यावं, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे.